लेखी काही आहे का?

शनिवारी संध्याकाळी ऑफिस आवरता आवरता एक मुलगा आला. तिशीच्या आतला, पाठीवर लॅपटॉपची सॅक, हातात प्लॅस्टिकची फाइल. माझ्या एका जुन्या अशिलाने पाठवलेला. मूळचा कोल्हापूरकडचा, आडनाव तांबोळी, अंधेरीला एका कंपनीत इंजिनियर. 'तुमचा जरा वेळ घेतोय बघा, मॅडम,' म्हणाला तेव्हा त्यातला तो 'बघा' थेट रंकाळ्यावरून आलेला. बसल्या बसल्या फाइल उघडून त्याने एकेक कागद टेबलावर मांडला. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, कंपनीचं ओळखपत्र, पॅन, आधीच्या घरमालकाने हाताने लिहून दिलेलं 'भाडं वेळेवर देतात, काही तक्रार नाही' असं पत्र. कांदिवलीला फ्लॅट पसंत पडला होता, टोकन गेलं होतं. ब्रोकर आडनाव ऐकून खूश झाला होता, 'म्हणजे आपलेच!' तांबोळी हिंदूंतही असतात आणि मुसलमानांतही, हे त्याला ठाऊक नसावं. मग अ‍ॅग्रीमेंटसाठी आधार कार्ड मागितलं. त्यावर पूर्ण नाव होतं. तासाभरात टोकन खात्यात परत, आणि खाली मेसेज : 'सॉरी सर, ओनरचा भाऊ यूएसहून परत येतोय, फ्लॅट त्याला लागणार.' त्याआधीच्या दोन घरांनाही असंच काहीतरी झालं होतं. 'मॅडम, ह्या मुंबईतल्या मालकांचे भाऊ सगळे एकदमच अमेरिकेतून परत यायला लागलेत,' तो म्हणाला. मी हसले, तोही हसला. मग मी विचारलं, 'लेखी काही आहे का?' त्याने मोबाइल पुढे केला. 'हे आहे की.' मी पुन्हा वाचलं. त्यात एक भाऊ होता, एक फ्लॅट होता, एक सॉरी होतं. नकार कुठेच नव्हता.

तो गेल्यावर कुलूप लावायला मला बराच वेळ लागला.

माझी सगळी वकिली घरांच्या कायद्यात गेली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धोबी तलावाला लघुवाद न्यायालयात, म्हणजे आमच्या भाषेत 'स्मॉल कॉज'मध्ये, एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून उभी राहिले. ते दिवस लाल फडक्यात बांधलेल्या फायलींचे. गाठ सोडली की धूळ उडायची आणि पहिल्या पानावर नाव असायचं ते ज्याने दावा लावला त्याच्या वडिलांचं. आमचं सगळं कागदावर चालायचं. मालकाला भाडेकरू नकोसा झाला की तो पहिली गोष्ट करायचा ती म्हणजे भाडं घ्यायचं थांबवायचा, म्हणजे पुढे 'थकबाकीदार' म्हणून दावा लावता येतो. मग आम्ही भाडेकरूला सांगायचो, मनीऑर्डर करा. मनीऑर्डर मालकाच्या दारात जायची आणि परत यायची. पोस्टमनने तिच्यावर तिरक्या अक्षरात 'घेण्यास नकार' असा शेरा मारून खाली तारीख घातलेली असायची. तो चिठोरा आम्ही सोन्यासारखा जपायचो. कोर्टात तो दाखवला की समोरच्या वकिलाचा चेहरा उतरायचा. माझ्या ज्येष्ठांकडे एक अशील होते, लोअर परळच्या गिरणीतून निवृत्त झालेले. नकाराचे असे सगळे चिठोरे त्यांनी महिन्याच्या क्रमाने सुतळीत ओवून आणले होते. न्यायाधीशांनी ती माळ उचलून धरली आणि मालकाच्या वकिलाला विचारलं, 'काय, ह्यावर काही म्हणायचंय?'

ह्या शहरात आत असलेल्या माणसासाठी कायद्याने केवढं तरी केलंय. १९४७च्या कायद्याने भाडं १ सप्टेंबर १९४०च्या आकड्याला जे बांधलं ते पुढे पन्नास वर्षं सुटलं नाही. मलबार हिलच्या उतारावर समुद्राकडे तोंड करून असलेल्या खोल्यांचं भाडं खाली कोपऱ्यावरच्या पानवाल्याच्या दिवसाच्या गल्ल्याहून कमी, असं मी स्वतः पाहिलंय. मालकाला दुरुस्ती परवडेना, इमारती खचायला लागल्या, म्हणून दुरुस्तीचं सरकारी मंडळ आलं, उपकर आला, पुढे म्हाडा आली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ अखेरीस हे गोठलेलं भाडं अन्यायकारक ठरवलं. मग नवा कायदा झाला, तो ३१ मार्च २०००ला लागू झाला. वर्षाला चार टक्के वाढ मिळाली आणि इतकी वर्षं टेबलाखालून चाललेली पागडी, म्हणजे भाड्याच्या जागेचा हक्क घेताना द्यायची ठोक रक्कम, राजरोस कायद्यात आली. भाडेकरू गेला तर जागा कुणाला, ह्यावर मी उमेदीची वर्षं घालवली. मुलगा की पुतण्या, कोण सोबत राहत होता, कुणाचं नाव रेशनकार्डावर होतं, दुधाचं कार्ड कुणाच्या नावावर होतं. एका पुतण्याने आपण काकूसोबत राहत होतो हे सिद्ध करायला गणपतीच्या वर्गणीच्या पावत्या आणल्या होत्या, आणि त्या कामीही आल्या. त्या साऱ्या लढाईत मला एक पक्कं वाटायचं : मी दुबळ्याच्या बाजूला उभी आहे.

बहुतेक वेळा होतेही. पण आत येण्याचं दार बंद कधी होतं आणि कुणासाठी, हे त्या फायलींत कधी आलंच नाही.

माझे बाबा गिरगावातल्या चाळीत आमच्या दोन खोल्यांच्या भाडेपावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. मालकाचे मेहताजी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायचे, काखेत वही. पावती दिली नाही तर बाबा त्यांना जिना उतरू द्यायचे नाहीत. 'कायद्याने द्यावीच लागते,' असं ते म्हणायचे तेव्हा आवाज जरा चढलेला असायचा. मी वकील झाले ती बहुधा त्या आवाजामुळे. ह्याच बाबांची दुसरी एक आठवण आहे. मी शाळेत असताना आमच्याच मजल्यावरची कोपऱ्यातली खोली पागडीने जायची होती. बघायला एक गृहस्थ आले, घड्याळं दुरुस्त करणारे, कोकणी मुसलमान. बाबांच्याच तालुक्यातले निघाले. गॅलरीत दोघं कठड्याला टेकून चांगला अर्धा तास गावच्या बोलीत बोलत होते. खाडीला पूर्वीसारखी मुडदुशी मिळते का, अमक्याच्या आंब्याला यंदा मोहोर कसा, तरीवरचा तो म्हातारा गेला का. आईने आतून चहा पाठवला. माणूस निघून गेला आणि रात्री जेवणं झाल्यावर चाळीतले तिघे-चौघे मेहताजींकडे गेले. खोली आपल्यातल्या कुणाला द्या, असं सांगायला. त्यात बाबा होते. मेहताजी म्हणाले, शेटला सांगतो. खोली पुढे एका बँकेतल्या कारकुनाला गेली. 'तुम्ही तर त्याच्याशी किती बोललात,' असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, 'माणूस चांगलाच आहे गं. पण चाळीचं बघायला नको?' आणि डब्याचं झाकण घट्ट बसतंय का ते बघत राहिले.

बाबा वाईट नव्हते. त्यांच्या लेखी दोन्ही गोष्टी एकच होत्या, जागा राखणं.

मी सनद घेऊन फार काळ झाला नव्हता तोच ९२-९३च्या दंगली झाल्या. त्यानंतरचे काही महिने आमच्या ऑफिसात वेगळीच गर्दी असायची. खोली सोडायची आहे, हस्तांतराचे कागद करा. खोलीच्या बदल्यात खोली, इकडचा तिकडे, तिकडचा इकडे. पडेल त्या भावाने विक्री. मुंब्रा आणि मीरा रोड ही नावं त्या दिवसांत मी जितकी ऐकली तितकी आधी कधी ऐकली नव्हती. एकदा दोन म्हातारे समोरासमोर बसले होते, एक आपली जागा सोडणारा, दुसरा आपली. दोघांनी एकमेकांच्या कागदांवर साक्षीदार म्हणूनही सह्या केल्या, कारण बरोबर दुसरं कुणी आणलं नव्हतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, नळाला सकाळी साडेपाचला पाणी येतं, पिंप भरून ठेवा. कागद निर्दोष झाले. दोघांची राजीखुशी, मालकाची संमती, पागडीतला मालकाचा तिसरा हिस्सा चुकता. का सोडतोय, हे लिहायला त्यात रकाना नव्हता आणि कायद्याला तो लागतही नव्हता.

सोसायट्यांचंही असंच. ह्या शहरातली सहकारी घरांची सुरुवात १९१५ साली गावदेवीला झाली, सारस्वतांच्या सोसायटीने. म्हणजे पायाभरणीच आपल्या-आपल्यातली. त्या काळी कोण नवखा माणूस परक्या शहरात आपल्या भाषेचे चार शेजारी मागणार नाही? त्याला मी नावं ठेवत नाही. पण पुढे २००५मध्ये अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा उपविधी, म्हणजे सोसायटीचा नियम, वैध ठरवला, तेव्हा माझ्या ऑफिसात फोन सुरू झाले. आम्हालाही असं करता येईल का, मॅडम? करता येत नाही असं सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की बहुतेकांना उपविधी बदलायची गरजच नव्हती. विकत घेणाऱ्याला थोडंफार संरक्षण आहे. सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, नाकारलं तर उपनिबंधकाकडे अपील आहे. भाड्याने घेणाऱ्याला काय आहे? आदर्श उपविधी म्हणतात, मालकाने भाडेकरू ठेवताना सोसायटीला कळवायचं, परवानगी मागायची नाही. जादा आकार किती घ्यायचा तेही ठरलेलं, सेवा शुल्काच्या १० टक्क्यांवर नाही, हा शासनाचा २००१चा आदेश आहे. तरी प्रत्येक वॉचमनच्या टेबलावर 'एनओसी'चा छापील फॉर्म असतो आणि मालकाच्या कानात कमिटीचा शब्द असतो. तो शब्द कुठल्याही सभेच्या इतिवृत्तात सापडायचा नाही. मी शोधलाय.

राज्यघटनेचं पंधरावं कलम बघा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, सगळ्यांची यादी आहे. घर नाही. ज्यांच्या देखरेखीखाली ते कलम आलं त्यांना १९१७ साली परदेशातून शिकून आल्यावर बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. पारशी खाणावळीत नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेऊन माणसं दारात आली. हे मराठी माणसाला सांगायला नको. त्या यादीत घर का नाही, ह्यावर मी कितीतरी लोकल प्रवासांत विचार केलाय. १९५५च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात मात्र घर आहे. अस्पृश्यतेच्या कारणाने कुणालाही कुठल्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे, असं चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलंय. पण कारण 'अस्पृश्यता' असं सिद्ध व्हायला हवं, आणि मुंबईतला घरमालक ते कारण उच्चारण्याइतका अडाणी राहिलेला नाही. तो आडनाव विचारतो. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारतो. तरीही नाही कळलं तर 'नॉनव्हेज करता का घरी?' मग भाऊ अमेरिकेहून निघतो. धर्माचं कारण असेल तर एवढंही कलम नाही. एकटी बाई, अविवाहित मुलगे, नवरा-बायको नसलेलं जोडपं, ह्यांची तर गोष्टच सोडा. ते सोसायटीच्या नोटीस बोर्डावर चक्क टाइप करून लावतात.

माझी एक जुनी ज्युनिअर आता शिकागोला असते, घर नाकारल्याच्या तक्रारी बघणाऱ्या एका संस्थेत. तिला मी त्या मुलाचा मेसेज वाचून दाखवला. ती म्हणाली, 'मॅडम, आमच्याकडे ह्यावर माणूस पाठवतात.' म्हणजे असं : तक्रार आली की संस्था दोन माणसं पाठवते, पगार सारखा, कागद सारखे, फरक फक्त वर्णाचा किंवा धर्माचा. एकाला 'घर गेलं' सांगितलं आणि तासाभराने दुसऱ्याला तेच घर दाखवलं, की झाला पुरावा. त्यांचा कायदा १९६८चा, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात सही झालेला. अशा पाठवलेल्या माणसालाही खोटं सांगितल्याबद्दल दावा लावता येतो, हे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२मध्ये मान्य केलं. घरात लहान मुलं आहेत म्हणून नकार देणंसुद्धा तिथे १९८८च्या दुरुस्तीने बेकायदा ठरलं. मी जरा भारावले तर तिनेच थंड पाणी ओतलं. मालक स्वतः राहत असलेली चार घरांपर्यंतची इमारत त्या कायद्यातून बरीचशी सुटते, आणि वस्त्या तर अजून काळ्या-गोऱ्या वेगळ्याच आहेत. 'फक्त त्या सुटलेल्या मालकालाही जाहिरातीत तसं लिहिता येत नाही,' ती म्हणाली. आमच्याकडे जाहिरातीतच 'ओन्ली व्हेज' असतं, मी म्हटलं. ती म्हणाली, 'म्हणजे तुमच्याकडे लेखी तरी आहे की!' माणसं पाठवून बघायचा प्रयोग आपल्याकडेही झालाय. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी फोन केले, माणसंही पाठवली, आणि दलितांना व मुसलमानांना नकार कसा मिळतो ते २०१५ साली मांडलं. अभ्यास म्हणून ते उत्तमच होतं. पण तो कागद घेऊन जायला तसं कार्यालय नव्हतं.

२०२३मध्ये मुलुंडच्या एका सोसायटीत मराठी बाईला ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ आला, तेव्हाचा आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मला लख्ख आठवतो. आम्ही बहुतेक मराठीच. पहाटेपर्यंत मेसेज चालू होते. आपल्याच शहरात आपल्याला, ही हिंमत, वगैरे. रागात खोटं काहीच नव्हतं, माझंही रक्त तापलं होतं. त्या बाईंच्या हातात व्हिडिओ होता, हे मी वकील म्हणून पहिल्यांदा पाहिलं, आणि मनात म्हटलं, वा! पुढे दिवाळीच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या मोकळ्या फ्लॅटसाठी एक जोडपं बघून गेलं. नवरा डॉक्टर, बायको शाळेत शिक्षिका, नावं मुसलमान. त्याच ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. लिफ्टमध्ये मात्र सेक्रेटरीकाकांनी मला हळूच विचारलं, 'ताई, कायद्याने काही अडचण नाही ना, मालकाला नुसतं सुचवलं तर?' मी म्हटलं, 'काका, मुलुंडच्या व्हिडिओवर तुमचे मेसेज सगळ्यांत लांब होते.' ते गोरेमोरे झाले. म्हणाले, 'ते वेगळं हो.' कसं वेगळं, हे विचारायच्या आत दुसरा मजला आला आणि त्यांची सून पिशव्या घेऊन आत शिरली.

तांबोळीला मी काय सल्ला दिला? कायद्याच्या पुस्तकातला काहीच नाही. पुढच्या वेळी ब्रोकरशी फोनवर बोलण्याऐवजी मेसेजवर बोल, टोकन देण्याआधीच पूर्ण नाव लिहून पाठव, घर गेलं म्हणाले की दुसऱ्या दिवशी एखाद्या कुलकर्णी नावाच्या मित्राला चौकशी करायला सांग. एवढं ऐकून तो म्हणाला, 'मॅडम, मला केस नको, घर पाहिजे. पहिल्या तारखेला आत्ताचं सोडायचंय.' सगळे हेच म्हणतात, आणि म्हणूनच ह्या विषयावर निकाल इतके थोडे आहेत. ज्याला भांडायचं असतं त्याच्या डोक्यावर छप्पर लागतं. त्याला पंधरा दिवसांनी मीरा रोडला जागा मिळाली. अंधेरीला जाताना आधी भाईंदरपर्यंत उलटं जायचं आणि तिथून बसायला जागा पकडून पुढे यायचं, हे तो शिकलाय. फोनवर म्हणाला, 'मालक लय चांगले आहेत बघा, त्यांचा भाऊ दुबईत आहे, पण परत येणार नाही म्हणालेत.'

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर व्हायला हवी. मी विषय लेखी दिलाय : फ्लॅट भाड्याने देताना कमिटी सभासदाला धर्म, जात, आहार किंवा लग्न ह्यांवरून काही सुचवणार नाही, आणि सुचवायचंच असेल तर ते कारणासह लेखी देईल. सेक्रेटरीकाका म्हणाले, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ, अध्यक्षांच्या परवानगीने. मी म्हटलं, धोरणाचा विषय आयत्या वेळी येत नाही, नोटिशीत क्रमांक घालून छापा. दोन दिवस विचार करून त्यांनी छापला, विषय क्रमांक नऊ. आठवा विषय लिफ्टच्या टेंडरचा आहे, आणि त्यावर गेल्या सभेत रात्रीचे साडेअकरा वाजले होते. डॉक्टरांचं जोडपं अजून आलेलं नाही. फ्लॅटचा मालक पुण्याला असतो. त्याला मी फोन करून विचारलं, भाऊ वगैरे कुणी परत येतोय का. तो म्हणाला, 'मी एकुलता एक आहे, का हो?'